हुइस्मांसच्या मागावर : पॅरिस, शार्त्र, कोलमार

जोरिस-कार्ल हुइस्मांस या फ्रेंच कादंबरीकाराने १८६६ ते १८९८ अशी बत्तीस वर्षे पॅरिसच्या गृहमंत्रालयात कारकुनी केली. १८९३ मध्ये त्याला ‘लेजियाँ दॉनर’ हा सरकारी किताब मिळाला, तोही कादंबऱ्यांसाठी नव्हे, तर नोकरीतल्या चोख कामासाठी. त्याच्या कादंबऱ्यांत कथानक असे फारसे नसतेच. माणसे खोलीत बसून असतात, वाईट जेवतात, कुरकुरतात आणि मध्येच एखाद्या चित्रासमोर जाऊन उभी राहतात. तेथे मात्र गद्याला असा ताप चढतो की ते चित्र प्रत्यक्ष पाहिल्यावाचून वाचकाला चैन पडू नये. त्या ओढीनेच ऑक्टोबरच्या उत्तरार्धात मी आणि माझी पत्नी निघालो. लेखकाच्या राहत्या घरांपेक्षा त्याने पाहिलेली चित्रे आणि दगड गाठायचे, एवढीच आखणी होती. पत्नी त्वचारोगतज्ज्ञ आहे. तिला हुइस्मांसचे विशेष कौतुक नाही, परंतु पूर्व फ्रान्समधल्या कोलमारच्या वेदीचित्राविषयी (चर्चच्या वेदीवर मांडायच्या चित्राविषयी) तिने वैद्यकाच्या इतिहासात वाचले होते आणि त्या एका चित्रासाठी बाकीचे सगळे सोसायला ती तयार होती.

पहिला दिवस : र्‍यू सुजे आणि गाडलेली नदी

सँ-मिशेलच्या गजबजलेल्या चौकातून दोन वळणे घेतली की र्‍यू सुजे नावाची अरुंद गल्ली लागते. ५ फेब्रुवारी १८४८ रोजी हुइस्मांस येथे जन्मला. वडील हॉलंडमधल्या ब्रेडाचे, शिळाछापाचे काम करणारे चित्रकार, आई फ्रेंच. पाळण्यातले नाव शार्ल-मारी-जॉर्ज असे साधे फ्रेंच होते, पण पुढे लेखक झाल्यावर त्याने वडिलांकडच्या डच धाटणीचे ‘जोरिस-कार्ल’ हे नाव घेतले. तो आठ वर्षांचा असताना वडील वारले, आईने दुसरे लग्न केले आणि सावत्र वडिलांच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर त्याचे बालपण गेले. खाली बांधणीच्या बायका, खळ आणि कातड्याचा वास. त्यातूनच पुढे ‘ले सर व्हातार’ (१८७९) ही कामगार बहिणींची कादंबरी आली. गल्लीत पाहण्यासारखे म्हणाल तर भिंतीवरची पाटी आहे, बस्स. तिच्यासाठी वाट वाकडी करायची गरज नाही. परंतु पाच मिनिटांवरच्या सँ-सेव्हरँच्या चर्चसाठी जरूर करावी. हुइस्मांसचा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झाला आणि उतारवयात त्याने या चर्चवर आणि आसपासच्या वस्तीवर लिहिले. वेदीमागच्या प्रदक्षिणामार्गात एक पीळदार खांब आहे. त्याच्या शिरा वर चढत जाऊन छतात माडाच्या झावळ्यांसारख्या फाकतात. पत्नीने त्याला हात लावून पाहिला आणि पीळ कोणत्या दिशेने जातो हे पाहत दोन फेऱ्या घातल्या.

दुपारी आम्ही त्याची आवडती नदी शोधायला गेलो. बिएव्र ही सीनला मिळणारी लहानशी नदी एकेकाळी पॅरिसच्या आग्नेय भागातून वाहत असे. कातडी कमावणारे, रंगारी आणि गोब्लँचा गालिचे विणण्याचा कारखाना यांनी तिचे पाणी इतके नासवले की अखेर ती टप्प्याटप्प्याने झाकण्यात आली आणि १९१२ पर्यंत शहरातून पुरती नाहीशी झाली. ती मरत असतानाच हुइस्मांसने तिच्यावर लिहिले. खेड्यातून शहरात आलेल्या आणि कष्टाने झिजलेल्या पोरीकडे पाहावे तसे तो तिच्याकडे पाहतो. आता तिचा माग फरसबंदीत बसवलेल्या गोल धातूच्या चकत्यांवरून लागतो. रने-ल-गाल या बागेत बसलो असताना कुत्रा फिरवायला आलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी आपण होऊन सांगितले की ही बाग म्हणजे नदीच्या दोन फाट्यांमधले जुने बेट होय, आणि वर पाऊस पुसून घ्यायला स्वतःचे वर्तमानपत्रही दिले.

दुसरा दिवस : मोरोचे घर, कारकुनाचे जेवण

ग्युस्ताव्ह मोरो या चित्रकाराने आपले घर चित्रांसकट राष्ट्राला दिले आणि १९०३ पासून ते संग्रहालय आहे. मंगळवारी ते बंद असते, हे आधी लक्षात ठेवावे. मोरोला परदेशात वाचकवर्ग मिळाला, असे म्हणणे विचित्र वाटेल, पण ते खरे आहे. चित्रे पाहण्याआधी लोकांनी ती ‘आ रबूर’ (१८८४) या हुइस्मांसच्या कादंबरीत वाचली. तिचा नायक देझेसँत हा खानदानाचा शेवटचा वारस जगाला विटून फोंतने-ओ-रोझ येथील घरात स्वतःला कोंडून घेतो, कासवाच्या पाठीवर रत्ने जडवतो (ते बिचारे मरते), आणि रात्र-रात्र मोरोच्या सालोमेच्या (बायबलमधल्या, नाचाच्या बदल्यात संत योहानाचे मस्तक मागणाऱ्या राजकन्येच्या) दोन चित्रांसमोर बसून राहतो. त्यांपैकी ‘अपारिस्याँ’ या जलरंगातल्या चित्राचे तैलरंगातले अपुरे रूप येथे वरच्या दालनात आहे. योहानाचे छाटलेले मस्तक तेजोवलयात अधांतरी तरंगते आहे आणि सालोमे त्याच्याकडे हात रोखून उभी आहे. छापील चित्रांत न दिसणारी गोष्ट अशी की काळोख्या रंगावर पांढऱ्या बारीक रेघांनी खांब, मूर्ती आणि नक्षी काढलेली आहे. ती रंगांशी जुळत नाही, रंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी नुसती पसरली आहे. मोरोने ती आयुष्याच्या अखेरीस चढवली. म्हणजे हुइस्मांसने ती पाहून लिहिलेले नाही.

दालनाच्या मध्यभागी वर जाणारा लोखंडी नागमोडी जिना आहे आणि भिंतींतल्या कपाटांत हजारो रेखाटने पानांसारखी उलटता येतात. एक रक्षकबाई आम्हाला कपाट उघडायची रीत दाखवायला आल्या आणि मग अर्धा तास थांबल्या. मोरोचा शिष्य जॉर्ज रुओ हा या संग्रहालयाचा पहिला व्यवस्थापक होता, हे त्यांनी अभिमानाने सांगितले. हाच रुओ १९०१ मध्ये लिगुजे येथे, मठाच्या आसऱ्याने राहणाऱ्या हुइस्मांसकडे काही काळ राहिला होता.

जेवायला बुय्याँ शार्तिए येथे गेलो, कारण पॅरिसच्या स्वस्त खानावळींविषयी हुइस्मांसइतके कडवट कोणी लिहिलेले नाही. ‘आ व्हो-लो’ (१८८२) या छोट्या कादंबरीचा नायक फोलांतँ हा एकटा, लंगडा, चाळिशीचा कारकून. धड शिजलेले मांस आणि न आंबलेली दारू मिळेल अशी एक खानावळ शोधणे एवढेच त्याचे आयुष्य, आणि तीही त्याला सापडत नाही. मला हे पुस्तक ‘आ रबूर’हून थोर वाटते. १८९६ सालच्या या भोजनगृहात आजही अनोळखी माणसांच्या टेबलावर बसवतात आणि वाढपी टेबलावरच्या कागदावरच हिशेब मांडतो. व्हिनेग्रेतमधल्या लीकच्या शेंड्या, किसलेले गाजर, उकडलेल्या अंड्यावर मेयोनेझ : शाकाहाराला जवळ असणाऱ्यांचे येथे भागते. आमच्या समोर बसलेले नान्तचे शिक्षक दांपत्य फोलांतँचे नाव ऐकून मनापासून हसले; दोघांनीही तो शाळेत वाचला होता.

तेथून सँ-लाझार स्थानकाकडे चालत गेलो. देझेसँतला एकदा लंडनला जायची हुक्की येते. तो सामान बांधतो, मार्गदर्शिका विकत घेतो, र्‍यू दाम्स्तर्दामवरच्या इंग्रजी खानावळीत गोमांस आणि बीर घेतो, भोवतालचे इंग्रज चेहरे पाहतो आणि लंडन तर पाहून झाले, आता गाडीत बसून त्यात भर काय पडणार, असे म्हणून घरी परततो. प्रवासवर्णन लिहिणाऱ्याने हे प्रकरण वाचलेले बरे.

तिसरा दिवस : ऑर्से

ऑर्से संग्रहालयाला सोमवारी सुट्टी आणि गुरुवारी रात्रीपर्यंत दारे उघडी असतात, संध्याकाळी जावे. हुइस्मांसची कलासमीक्षा ‘लार मोदेर्न’ (१८८३) आणि ‘सेर्तँ’ (१८८९) या पुस्तकांत आहे. तिचे गुण सांगताना तो आधीपासूनच बरोबर होता असे भासवण्याची चाल पडली आहे, तसे नव्हते. सुरुवातीला इंप्रेशनिस्ट चित्रकारांच्या निळ्या रंगावर त्याने नीळ-वेडाचा शिक्का मारला आणि त्यांच्या डोळ्यांनाच आजार जडला आहे असे, शार्को या डॉक्टरच्या प्रयोगांचा दाखला देऊन, लिहिले. पत्नी ते ऐकून म्हणाली, “रोग्याला न तपासता निदान करणारे लेखक तेव्हाही होते म्हणायचे.” परंतु १८८१ मध्ये देगा या चित्रकाराने चौदा वर्षांच्या नर्तिकेची मेणाची मूर्ती खऱ्या कापडाचा झगा आणि खरे केस लावून मांडली, तेव्हा लोक नाके मुरडत असताना आधुनिक शिल्पातला हाच एक खरा प्रयत्न आहे, असे लिहिणारा हुइस्मांस होता. ब्राँझमधली प्रत येथे आहे. हनुवटी वर, हात पाठीमागे, आणि पायमोज्यांना गुडघ्यापाशी पडलेल्या सुरकुत्या : या सुरकुत्यांपाशी वाकून पाहिल्याशिवाय तो काय म्हणत होता ते कळत नाही. आयफेल टॉवरवर मात्र त्याने ‘सेर्तँ’मध्ये जे तोंडसुख घेतले आहे ते वाचून, बाहेर पडल्यावर दिव्यांनी लखलखणाऱ्या त्या मनोऱ्याकडे आम्हाला सरळ चेहऱ्याने पाहता येईना.

चौथा दिवस : मोंपार्नास आणि शार्त्र

शार्त्रची गाडी मोंपार्नास स्थानकातून सुटते आणि दफनभूमी तेथून चालण्याच्या अंतरावर आहे, त्यामुळे सकाळी आधी तिकडे गेलो. फाटकापाशी नकाशा मिळतो. हुइस्मांसची कबर साधी आहे. जबड्याच्या कर्करोगाने १२ मे १९०७ रोजी तो र्‍यू सँ-प्लासीदवरच्या घरी वारला आणि त्याला बेनेदिक्तीन पंथाच्या झग्यात पुरले. त्याआधी नागिणीचा विकार डोळ्यांपर्यंत पोहोचून काही महिने त्याला दिसेनासे झाले होते. ज्याची सारी कमाई डोळ्यांची, त्याच्या वाट्याला हे यावे याचे मला वाईट वाटते. त्याच्या भक्तांनी त्यातही तपश्चर्या पाहिली, ते मला पटत नाही.

त्याच्या धर्मांतराची, खरे तर धर्मात परतण्याची, कथा थोडक्यात अशी. ‘आ रबूर’ वाचून बार्बे दोर्व्हीयी या लेखकाने म्हटले होते की या माणसापुढे आता पिस्तुलाचे तोंड किंवा क्रूसाचा पायथा, एवढेच उरले आहे. ‘ला-बा’ (१८९१) मध्ये त्याने पॅरिसमधल्या सैतानपूजकांचा माग काढला. त्यातला नायक दुर्ताल पुढच्या कादंबऱ्यांतही येतो. १८९२ मध्ये हुइस्मांस स्वतः इन्यीच्या त्राप्पीस्त मठात राहून आला. त्यानंतर ‘आं रूत’ (१८९५) आणि ‘ला कातेद्राल’ (१८९८) आल्या. ही दुसरी इतकी खपली की तो मुदतीआधीच नोकरीतून मोकळा झाला.

‘ला कातेद्राल’ सुरू होते तीच शार्त्रच्या कॅथीड्रलसमोरच्या चौकात, सदा बोचणाऱ्या मैदानी वाऱ्याने. बोसचे गव्हाचे सपाट मैदान चहूकडे पसरलेले असल्याने तो वारा अडवायला काही नाही. ऑक्टोबरात जाणाऱ्यांनी कानटोपी जवळ ठेवावी, छत्रीचा उपयोग होत नाही. आत शिरताच तळघराची मऊ हवा, तेलाचा मंद वास आणि ऊबदार अरण्याचा काळोख चेहऱ्यावर येतो, असे त्याने लिहिले आहे, आणि मग पहाट होताना त्या अरण्यात एकेक काच उजळत जाते. आम्ही दार लोटले आणि समोर काळोख नव्हताच. अलीकडच्या दुरुस्तीत भिंती आणि कमानी धुऊन फिकट पिवळसर पांढऱ्या केल्या आहेत. मेरीच्या ज्या मूर्तीला पिढ्यान्पिढ्या काळी मेरी म्हणून भजले, तिचा चेहराही आता उजळ झाला आहे. तेराव्या शतकात हे असेच उजळ होते, असे तज्ज्ञ सांगतात, आणि त्यावर मोठा वादही झाला. मला वाटते, दुरुस्ती करणारे इतिहासाच्या बाजूने बरोबर असतील. परंतु हुइस्मांसची कादंबरी ज्या काजळीवर उभी होती, ती काजळी गेली.

काचा मात्र तशाच आहेत, आणि त्या दिवशी ढगाळ असूनही दक्षिणेकडच्या ‘बेल व्हेरिएर’ या मेरीच्या काचचित्रातला निळा रंग आतून पेटल्यासारखा दिसत होता. ११९४ सालच्या आगीत बहुतांश मंदिर जळाले, तरी ही काच वाचली. चित्रे इतक्या उंचावर आहेत की दुर्बिणीशिवाय जाणे व्यर्थ. आमच्या शेजारी बसलेल्या एका निवृत्त शिक्षिकेने आपली दुर्बीण देऊन, खालून वर आणि डावीकडून उजवीकडे वाचायचे असते, अशी शिकवणीच घेतली. लेंटपासून (ईस्टरआधीच्या उपवासकाळापासून) नोव्हेंबरच्या संतदिनापर्यंत शुक्रवारी खुर्च्या हलवून जमिनीवरचा चक्रव्यूह मोकळा करतात. आम्ही मुद्दाम शुक्रवार निवडला होता. सुमारे तेरा मीटर व्यासाच्या त्या वाटेवर अनवाणी माणसे मुकाट चालत होती आणि कडेला एक लहान मुलगा रेघा ओलांडून सरळ मधोमध जाऊन उभा राहिला होता.

बाहेर पश्चिमेच्या राजद्वारावर लांबट, काठीसारख्या सरळ राजे-राण्यांच्या मूर्ती आहेत. हुइस्मांस त्यांच्यावर पानेच्या पाने खर्च करतो आणि ती सगळी वाचनीय आहेत. रत्ने, फुले, प्राणी आणि वास यांच्या प्रतीकार्थांच्या याद्या मात्र खुशाल ओलांडाव्यात. दुकानातून मेंचिकोफ नावाची, वर पांढरे कवच असलेली चॉकलेटची मिठाई घेतली. ती फार गोड आहे.

पाचवा आणि सहावा दिवस : कोलमार

पॅरिसच्या पूर्व स्थानकातून वेगवान गाडीने कोलमार अडीच तासांच्या आत येते. पाऊस होता. संध्याकाळी पातळ पापुद्र्याच्या फ्लामेकुशवर डुकराच्या मांसाऐवजी मुन्स्टर चीज मागितले. मालकीणबाईंनी आधी शंकेने पाहिले, मग वास सोसवेल ना, असे विचारून खात्री करून घेतली. अल्सासमध्ये शाकाहारींनी मुन्स्टर आणि कुगेलहोफ नावाचा गोड केक या दोन गोष्टींवर भिस्त ठेवावी.

दुसऱ्या दिवशी दार उघडतानाच उंटरलिंडन संग्रहालयात पोहोचलो. (हेही मंगळवारी बंद.) तेराव्या शतकातल्या जोगिणींच्या मठात हे आहे आणि मठाच्या चॅपेलमध्ये मथियास ग्रुनेवाल्डने १५१२ ते १५१६ च्या सुमारास रंगवलेले इझेनहाइमचे वेदीचित्र मांडले आहे. मूळ वेदी दारांसारखी उघडत असे. आता फळ्या वेगळ्या करून एकामागे एक उभ्या केल्या आहेत, त्यामुळे सर्व बाजूंनी फिरता येते. दारे कशी उघडत ते लहान प्रतिकृतीवर दाखवले आहे. आधी ती पाहावी.

हुइस्मांसने ग्रुनेवाल्डचा क्रूसावरचा ख्रिस्त प्रथम १८८८ मध्ये कासेल येथे पाहिला. ते चित्र वेगळे, आणि ‘ला-बा’च्या सुरुवातीलाच त्याचे वर्णन येते. एमिल झोला या कादंबरीकाराच्या गटात वाढलेला हा लेखक निसर्गवादाला, म्हणजे वास्तव जसेच्या तसे मांडण्याच्या त्या गटाच्या पद्धतीला, कंटाळला होता, आणि येथे त्याला असा चित्रकार भेटला की जो देहाची विटंबना शवविच्छेदकासारखी रंगवतो आणि त्यातूनच पलीकडचे काही दाखवतो. माझ्या मते त्याच्या पुढच्या आयुष्याची किल्ली कोणा पाद्र्याच्या उपदेशात नाही, या चित्रात आहे. १९०३ मध्ये तो कोलमारला आला, तेव्हा अल्सास जर्मन साम्राज्यात होते. त्या भेटीचे फळ म्हणजे ‘त्र्वा प्रिमितीफ’ (१९०५).

चित्रातला ख्रिस्त प्रचंड आहे. आडवा दांडा त्याच्या भाराने धनुष्यासारखा वाकलेला, बोटे आकाशाकडे ताणून फाकलेली. पत्नी फळीपासून हातभर अंतरावर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “अहो, काटे पाहा. फटक्यांतले काटे कातडीत तसेच मोडून राहिलेत, आणि प्रत्येकाभोवती वेगळी हिरवट सूज आहे. याने हे समोर बसून पाहिलेले आहे.” पाहिले असणारच. इझेनहाइमचा मठ अंतोनीन पंथाचा होता आणि तेथे ‘संत अँथनीची आग’ या रोगाचे रुग्ण ठेवत. ओल्या हवेत राय (rye) या धान्याच्या कणसांवर अरगट नावाची बुरशी येते; अशा धान्याच्या पिठाची भाकरी खाऊन हातपाय जळत, काळे पडत आणि गळून जात. रुग्णांना आधी या वेदीसमोर आणत. भुतांच्या झुंडीत सापडलेल्या अँथनीच्या फळीवर डाव्या कोपऱ्यात फुगलेल्या पोटाचा, फोडांनी भरलेला एक जीव पडला आहे. शेजारच्या फळीवर दोन संन्याशांच्या पायांशी मठातली औषधी झाडे एकेक पान ओळखू यावे अशी रंगवली आहेत. हा संबंध हुइस्मांसने आपल्या पुस्तकात धरला आहे.

अरगट हा शब्द पत्नीला वैद्यकाच्या आधी शेतातून माहीत होता. तिचे माहेर नगर जिल्ह्यातले. बाजरीवरही अरगट पडतो, बुरशीची जात वेगळी. तिचे वडील पेरणीआधी बियाणे मिठाच्या पाण्यात टाकत, रोगट दाणे वर तरंगत, ते काढून जाळत आणि उरलेले धुऊन सावलीत सुकवत. हे तिने तेथल्या एका रक्षकाला मोडक्या इंग्रजीत समजावून सांगितले. त्याने दुपारी आपल्या सहकाऱ्याला बोलावून आणले आणि तिला ते सगळे पुन्हा सांगावे लागले.

मागच्या फळीवरचा पुनरुत्थानाचा ख्रिस्त तोच आहे, हे पटत नाही. जखमा बुजलेल्या, देह प्रकाशात विरघळत चाललेला, आणि भोवती पिवळ्यापासून हिरव्या-निळ्यापर्यंत जाणारे वलय. आधीच्या फळीवरून येथे यायला चार पावले लागतात. कादंबरीकाराला जे साधायला तीन-चार पुस्तके लागली, ते चित्रकाराने फळी उलटून केले आहे. जेवणाच्या वेळी गर्दी ओसरते, तेव्हा पुन्हा जावे. त्याच तिकिटावर आम्हाला परत आत सोडले.

शेवटचा दिवस : बाझेल

कासेलचे ते चित्र आता कार्ल्सरूच्या कुन्स्टहालेचे आहे, परंतु तेथील मुख्य इमारतीचे नूतनीकरण चालू असल्याने आम्ही तो बेत सोडला आणि कोलमारहून पाऊण तासावरचे बाझेल गाठले. तेथील कुन्स्टम्युझियममध्ये ग्रुनेवाल्डने तरुणपणी रंगवलेले क्रूसाचे चित्र आहे, जेमतेम पाऊण मीटर उंचीचे, आणि त्याच संग्रहालयात होल्बाइन या चित्रकाराचा थडग्यात आडवा पडलेला ख्रिस्तही आहे. दोन्ही एका दिवशी पाहणे जड जाते. ‘त्र्वा प्रिमितीफ’ लहान आहे आणि इंग्रजीतही मिळते; कोलमारला जाणाऱ्याने ते आदल्या रात्री न वाचता चित्र पाहून परतताना गाडीत वाचावे, कारण हुइस्मांसची विशेषणे एकदा कानात शिरली की आपली स्वतःची सुचायची बंद होतात. पत्नीने ते झ्युरिकच्या विमानतळावर वाचायला घेतले आणि हिरव्या सुजेविषयी त्याने काय लिहिले आहे, ते आधी शोधले.